भांग, अफू, धोत्रा टिपणारा गोव्याचा वैद्य

सोलापूरच्या किल्ल्यासाठी अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही वारंवार लढत होत्या, त्याच काळात एक पोर्तुगीज वैद्य गोव्याहून निजामशहाच्या उपचारासाठी अहमदनगरला जात असे. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. आपल्याकडच्या नशेच्या पदार्थांची वैद्याच्या नजरेने तपशीलवार नोंद करणाऱ्या पहिल्या युरोपीयांपैकी तो एक.

ओर्ताचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हिदे या गावी झाला. आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू. पोर्तुगालमध्ये त्यांना ख्रिस्ती व्हावे लागले. ओर्ता स्पेनमध्ये वैद्यक शिकला, लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला आणि १५३४ मध्ये मार्तिम आफोन्सो द सौझा याच्या ताफ्याबरोबर गोव्यात उतरला. मायदेशी तो पुन्हा गेलाच नाही. बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा चांगला स्नेह जमला. पुढे मुंबई बेटही त्याला खंडाने मिळाले आणि तिथे त्याने बाग राखली.

१५६३ मध्ये त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ गोव्यातच छापला गेला. ग्रंथ संवादरूपात आहे. रुआनो नावाचा काल्पनिक वैद्य शंका विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतो. जुन्या ग्रीक पंडितांनी काय लिहिले यापेक्षा इथे डोळ्यांना काय दिसते, याला तो अधिक मान देतो.

भांगेबद्दल त्याने आपल्या नोकरांकडून माहिती घेतली. भांग घेतली की कष्ट जाणवत नाहीत, मन खुशीत राहते आणि भूक लागते, असे त्यांनी सांगितले. भांगेने भूक का वाढते, याचा मेंदूतील उलगडा विसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. गुजरातचा सुलतान बहादूरशहा थोडी भांग घेऊन रात्रीतून पोर्तुगाल, तुर्कस्तान, अरबस्तान फिरून येत असल्याचे सांगे, हेही ओर्ताने नोंदवले आहे. नोकर काम विसरायला भांग घेत होता आणि सुलतान देश पाहायला.

अफूची नोंद अधिक गंभीर आहे. निजामशहाचा एक खुरासानी चिटणीस रोज तीन तोळे, म्हणजे आजच्या मापाने सुमारे ३५ ग्रॅम, अफू खात असे. तो कायम पेंगलेला दिसे, पण कामाचे विचारले की विद्वानासारखा बोले. नवख्या माणसाचा एवढ्या अफूने जीव जाईल. शरीर हळूहळू सरावते आणि मात्रा वाढत जाते, याचे हे बोलके उदाहरण. सवय जडलेल्याला अफू न मिळणे धोक्याचे असते आणि अफूने कामशक्ती वाढते हा समज खोटा आहे, हेही त्याने लिहिले.

धोत्रा मात्र त्याने विषातच जमा केला. चोर तो अन्नात कालवत. खाणारा भान हरपून हसत सुटे आणि घर लुटले जाई. महाशिवरात्रीला आपण वाहतो, तोच हा धोत्रा. त्यातील ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन यांमुळे भ्रम होतो, घसा कोरडा पडतो, बाहुल्या विस्फारतात. मुलाने त्याच्या बिया खाल्ल्या तर घरगुती उपायात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.

या वैद्याचा शेवट कटू झाला. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झाले. १५६८ मध्ये ओर्ता वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळले. त्याने मनातून ज्यू धर्म सोडला नव्हता, असा ठपका ठेवून १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. ग्रंथाचा लॅटिन सारांश मात्र १५६७ मध्येच अँटवर्पला छापला गेला होता आणि तो युरोपभर वाचला गेला. पणजीतील नगरपालिकेच्या उद्यानाला आज त्याचे नाव आहे.

व्यसन असलेला माणूस आजही डॉक्टरांपासून ते लपवतो, कारण त्याला बोलणी खाण्याची भीती असते. ओर्ताने कोणालाही पापी न ठरवता कोण घेतो, किती घेतो आणि कशासाठी घेतो, एवढेच विचारले, म्हणून त्याला उत्तरे मिळाली. घरात कोणी अशा सवयीत अडकले असेल तर आधी हेच तीन प्रश्न शांतपणे विचारावेत. अफू किंवा दारूची जुनी सवय एकदम तोडायला लावू नये. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी.