वायपर देणाऱ्या मेरी अँडरसन
जालन्याहून बदनापूरमार्गे छत्रपती संभाजीनगरकडे निघालेल्या चालकाला वाटेत पावसाने गाठले, की त्याचा हात आपसूक स्टिअरिंगजवळच्या वायपरच्या दांडीकडे जातो. या सोयीचे श्रेय प्रामुख्याने अमेरिकेतील मेरी अँडरसन यांना जाते. १८६६ मध्ये अलाबामा राज्यात जन्मलेल्या मेरी अभियंता नव्हत्या. एका हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये हिम पडत असताना ट्रामचा चालक समोरची काच उघडून, कुडकुडत गाडी हाकताना त्यांना दिसला. त्यातूनच आतून दांडीने फिरवता येणाऱ्या रबरी पट्टीची कल्पना त्यांना सुचली.

१० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना पेटंट मिळाले. १९०५ मध्ये कॅनडातील एका कंपनीने मात्र त्याला व्यापारी मूल्य नसल्याचे सांगून ते नाकारले. पेटंटची मुदत संपल्यावर, १९२२ मध्ये कॅडिलॅकने आपल्या मोटारींना सरसकट वायपर बसवले. मेरी यांना त्यातून काहीच मिळाले नाही. १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले. अमेरिकेत संशोधकांच्या राष्ट्रीय सन्मानयादीत त्यांचे नाव आले ते २०११ मध्ये.

मराठवाड्याच्या उन्हात वायपरचे रबर कडक होते, तडकते. मृगाच्या पहिल्या सरीपूर्वी ते बदलून घेणे, हेच मेरी अँडरसन यांचे खरे स्मरण ठरेल.