आधी स्वतःवर प्रयोग, मग वर्तमानपत्रात लेख

कोळशाच्या खाणीत खोलवर गेल्यावर वडिलांनी शाळकरी मुलाला ताठ उभे राहायला सांगितले आणि शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मधले अँटनीचे भाषण म्हणायला लावले. चार ओळी होतात न होतात तोच मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीवर पडताच मात्र त्याचा श्वास पुन्हा नीट चालू झाला. खाणीतला मिथेन वायू हवेपेक्षा हलका असतो, तो छताशी साठतो आणि जमिनीलगत श्वास घेण्याजोगी हवा उरते, एवढे त्या मुलाला एका पडण्यात कळले. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनाचा आणि खाणीतल्या विषारी वायूंचा अभ्यास करणारे नामवंत संशोधक होते. मुलगा म्हणजे जे. बी. एस. हॉल्डेन. विसाव्या शतकातल्या जीवशास्त्राला गणिताची बैठक देणाऱ्या मोजक्या लोकांपैकी एक, आणि आपले शास्त्र साध्या माणसाला सांगण्यासाठी आयुष्यभर लिहीत राहिलेला प्राध्यापक.

हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डचा. शिक्षण गणिताचे आणि ग्रीक-लॅटिनचे. विज्ञानाची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये आणि मेसोपोटेमियात लढले, दोन्हीकडे जखमी झाले. दुसऱ्या वेळी बरे होण्यासाठी त्यांना भारतात पाठवले गेले, ही त्यांची या देशाशी पहिली ओळख.

युद्ध संपल्यावर ते शरीरातील आम्ल-अल्काच्या तोलाकडे वळले. रक्त थोडे आम्लधर्मी झाले तर श्वासावर काय परिणाम होतो, हा प्रश्न होता. प्रयोगाला ससा वापरता आला असता. पण सशाला धाप लागलेली दिसते. त्याला कसे वाटते आहे, डोके दुखते आहे का, हे तो सांगत नाही. हॉल्डेन यांनी स्वतःलाच ससा केले. खाण्याचा सोडा घेऊन त्यांनी रक्त अल्कधर्मी करून पाहिले. आम्लासाठी त्यांनी नवसागर घेतला, कल्हईवाल्याकडे असतो तोच. पोटात गेल्यावर त्यातल्या अमोनियाचा युरिया होतो आणि आम्ल मागे उरते. परिणामी काही दिवस जिना चढतानाही त्यांना धाप लागत होती. हीच युक्ती पुढे लहान बाळांच्या एका प्रकारच्या आकडीवर वापरली गेली; त्या आजारात रक्त नको तितके अल्कधर्मी झालेले असे. (वाचकांनी घरी हा प्रयोग करू नये, हे सांगायला हवे.)

एरवी असा प्रयोग शोधनिबंधात जाऊन पडला असता. हॉल्डेन यांनी शोधनिबंध तर लिहिलाच, पण स्वतःवरच्या प्रयोगांवर सर्वसामान्य वाचकांसाठी एक खुमासदार निबंधही लिहिला. १९२७ सालच्या ‘पॉसिबल वर्ल्ड्स’ या संग्रहात तो आहे. त्याच संग्रहात प्राण्यांच्या आकारावरचा त्यांचा सर्वात गाजलेला निबंध आहे. खोल खाणीत उंदीर पडला तर अंग झटकून चालू लागतो, माणसाची हाडे मोडतात आणि घोड्याचा तर चेंदामेंदा होतो. असे का? प्राणी लांबी-रुंदी-उंचीने दहापट लहान केला, तर त्याचे वजन हजारपट कमी होते, पण पृष्ठभाग शंभरपटच घटतो. म्हणजे वजनाच्या मानाने हवेचा अडथळा दहापट वाढतो आणि पडणे सौम्य होते. बेरीज-गुणाकारापलीकडचे काहीही न वापरता त्यांनी राक्षसाएवढा माणूस का चालू शकणार नाही आणि माशी पाण्यात का भिजू नये, हेही त्याच सूत्रातून उलगडले.

या काळातच ते उत्क्रांतीचे गणित मांडत होते. एखादा उपयुक्त गुण एका पिढीकडून दुसऱ्या पिढीत किती वेगाने पसरेल, हे त्यांनी १९२४ पासूनच्या निबंधमालेत काढून दाखवले. १९३७ मध्ये ज्युलिया बेल यांच्यासोबत हिमोफिलिया आणि रंगांधळेपणा यांची जनुके एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असतात, हे त्यांनी दाखवले; मानवी जनुकांच्या नकाशाची ती सुरुवात होती. १९४९ मध्ये त्यांनी आणखी एक तर्क मांडला. भूमध्य समुद्राकाठी थॅलेसेमियाचे वाहक इतके जास्त का? कदाचित त्यांच्या लहान तांबड्या पेशी मलेरियाच्या परजीवीला मानवत नसाव्यात. काही वर्षांतच सिकलसेलबाबत असाच संबंध आफ्रिकेत सिद्ध झाला. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल का टिकून राहिला, याचे उत्तर आज डॉक्टर याच धाग्याने देतात.

हे सगळे चालू असताना लंडनमधील कम्युनिस्टांच्या ‘डेली वर्कर’ या दैनिकात १९३७ पासून त्यांचे विज्ञानावरचे लेख येत होते. संख्या तीनशेच्या वर गेली. वाचक गिरणी-कारखान्यातले. विद्यापीठांत तेव्हा असल्या लेखनाला मान नव्हता. हॉल्डेन यांना त्याची पर्वा नव्हती. ते कसे लिहावे, हेही त्यांनी सांगून ठेवले. सुरुवात वाचकाला ठाऊक असलेल्या वस्तूपासून करायची, चीजच्या तुकड्यापासून का होईना. वाक्ये आखूड ठेवायची, मधूनमधून ओळखीच्या गोष्टींकडे परत यायचे, आणि छापायला देण्याआधी विषयातले फारसे न कळणाऱ्या मित्राला वाचायला द्यायचे.

१ जून १९३९ रोजी ‘थेटिस’ ही नवी पाणबुडी लिव्हरपूलजवळच्या समुद्रात चाचणीसाठी गेली आणि वर आलीच नाही. ९९ माणसे मेली. त्यांत जहाजबांधणीचे कामगारही होते, म्हणून कामगार संघटनेने हॉल्डेन यांना चौकशीत मदत मागितली. आतल्या माणसांना शेवटी काय झाले असेल, हे कळण्यासाठी ते स्पॅनिश यादवी युद्धात लढलेल्या काही साथीदारांसह बंद पोलादी खोलीत जाऊन बसले. कर्बवायू वाढत गेला तसे डोके ठणकू लागले, श्वास जोरजोरात होऊ लागला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलासाठी हे प्रयोग पुढे चालले. ऑक्सिजनच्या अतिरेकाने त्यांना एकदा असा झटका आला की पाठीचे मणके दबले. ती पाठदुखी जन्माची सोबत झाली. कानाच्या पडद्यालाही भोक पडले. आपण कानातून तंबाखूचा धूर काढू शकतो, हे मात्र ते कौतुकाने सांगत.

स्वतःच्या देहाबद्दल इतका सडेतोड असलेला हा माणूस एका प्रश्नावर मात्र कचरला. सोव्हिएत रशियात लायसेन्को नावाच्या शेतीतज्ज्ञाने आनुवंशशास्त्र खोटे ठरवले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये तीच सरकारी भूमिका झाली. हॉल्डेन यांचे मित्र, थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांना त्याआधीच अटक झाली होती. १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने ते गेले. हॉल्डेन ब्रिटनमधले सर्वात प्रसिद्ध आनुवंशशास्त्रज्ञ, आणि कम्युनिस्ट पक्षाचे सभासदही. बीबीसीवरच्या चर्चेत सहकाऱ्यांनी लायसेन्कोवर उघड टीका केली. हॉल्डेन आडवळणाने बोलले. लायसेन्कोच्या काही दाव्यांत तथ्य असू शकेल, असे म्हणत राहिले. त्यांना खरे काय ते कळत नव्हते, असे मानणे अवघड आहे. ज्या कामगार वाचकांना त्यांनी वर्षानुवर्षे पुरावा कसा तपासावा हे शिकवले, त्यांनाच या वेळी त्यांच्याकडून स्पष्ट उत्तर मिळाले नाही. १९५० च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले, ‘डेली वर्कर’मधले लेखही थांबले; पण जाहीरपणे चूक कबूल करून नव्हे.

१९५७ मध्ये ते पत्नी हेलन स्परवे यांच्यासह कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आले. सुएझवरील ब्रिटिश हल्ल्याचा निषेध हे जाहीर कारण. मोजे घालायचा कंटाळा आला होता, हे गमतीचे. ते कुर्ता-धोतर वापरू लागले, शाकाहारी झाले, भारताचे नागरिकही झाले. आता त्यांचे लेख ‘द हिंदू’त येऊ लागले. महागडी यंत्रे नाहीत म्हणून भारतात संशोधन होत नाही, ही तक्रार त्यांना मान्य नव्हती. डोळे, वही आणि चिकाटी पुरे, असे त्यांचे म्हणणे, आणि ते त्यांनी विद्यार्थ्यांकडून करवून दाखवले. एकाने पारिजातकाची फुले गोळा करून प्रत्येकाच्या पाकळ्या मोजल्या. दुसरा घाणेरीच्या झुडपांपाशी बसून कोणते फुलपाखरू कोणत्या रंगाच्या फुलावर जाते, याची नोंद करत राहिला. सुरेश जयकर यांनी हेलन यांच्यासोबत माळटिटवीच्या घरट्यांवर पाळत ठेवली; तो अभ्यास मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. पुढे संस्थेशी खटके उडाले आणि १९६२ मध्ये हॉल्डेन भुवनेश्वरला गेले.

१९६३ च्या अखेरीस त्यांना गुदाशयाचा कर्करोग असल्याचे समजले. लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. तेव्हा लोक या आजाराचे नावही दबक्या आवाजात घेत. हॉल्डेन यांनी रुग्णालयातूनच त्यावर एक विनोदी कविता लिहिली आणि १९६४ च्या फेब्रुवारीत ती ‘न्यू स्टेट्समन’ साप्ताहिकात छापून आली. दुखेपर्यंत वाट पाहू नका, लवकर डॉक्टरकडे जा, हा तिचा गाभा. आजार उलटला. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरमध्ये त्यांचे निधन झाले. आपला मृत्युलेख ते त्याच वर्षी बीबीसीसाठी स्वतःच्या आवाजात नोंदवून गेले होते.

देह काकीनाडाच्या रंगराया मेडिकल कॉलेजला विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी देण्यात आला. या शरीराचा वापर संशोधनासाठी हयातीतही झालाच आहे, आता ते इतरांनी वापरावे, अशी इच्छा त्यांनी लिहून ठेवली होती. आणि देह थंड ठेवण्याचा खर्च इस्टेटीतून सर्वात आधी भागवावा, हेही.