शुद्धीच्या महिन्याचा कवी

फेब्रुवारी म्हटले की आपल्याला आठवतो तो त्याचा आखूडपणा. हे नाव मुळात शुद्धीचे आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. ‘फेब्रुआ’ म्हणजे प्राचीन रोमन लोकांची पापक्षालनाची साधने. ती कोणती, हे तपशीलवार लिहून ठेवले ओव्हिड या कवीने.

इ. स. पूर्व ४३ मध्ये, २० मार्चला, रोमच्या पूर्वेला डोंगरांत वसलेल्या सुल्मो गावी तो जन्मला. घरचे बरे होते. मुलाने वकिली करावी, सरकारदरबारी चढावे ही वडिलांची इच्छा. कवितेने पोट भरत नाही, होमरसुद्धा मागे काही ठेवून गेला नाही, असे ते ऐकवीत. (सगळ्या काळचे वडील सारखेच!) मुलाने काही किरकोळ पदे सांभाळलीही; पण गद्य लिहायला बसला तरी ओळी छंदातच उतरत.

पन्नाशीत तो रोमचा लाडका कवी होता. ‘फास्ती’ या काव्यात त्याने रोमन पंचांगच मांडायला घेतले होते, दर महिन्याला एक सर्ग. दुसरा सर्ग फेब्रुवारीचा. पुरोहित मागून घेत ती लोकर, झाडून काढलेल्या घरासाठी भाजलेले धान्य आणि मीठ, पवित्र झाडाची डहाळी, हे सारे ‘फेब्रुआ’. १५ तारखेच्या लुपर्कालियाला तरुण बळीच्या बोकडाच्या कातड्याच्या वाद्या घेऊन धावत. संततीच्या आशेने बायका तो फटका झेलत. २१ तारखेला पितरांच्या थडग्यांवर माळा, धान्य, चिमूटभर मीठ आणि मद्यात भिजवलेला पाव ठेवायचा. दुसऱ्या दिवशी हयात नातेवाइकांनी एकत्र जेवायचे. घरातली भांडणे तेव्हाच मिटवायची. मात्र नदीच्या पाण्याने खुनाचे पातकही धुतले जाते असे मानणारे जुने लोक फार भोळे, अशी टिप्पणी ओव्हिड याच सर्गात करतो.

आणि इ. स. ८ मध्ये त्याच्यावरच आदळले. सम्राट ऑगस्टसने त्याला काळ्या समुद्राकाठच्या टॉमिसला, म्हणजे आजच्या रोमानियातील कॉन्स्टान्त्सा बंदरी, धाडून दिले. खटला नाही, सुनावणी नाही. एक कविता आणि एक चूक, एवढीच कारणे त्याने नोंदवली. कविता म्हणजे प्रेमाच्या कलेवरचे, काही वर्षांपूर्वीचे पुस्तक. चूक कोणती, हे त्याने कधीच उघड केले नाही. मालमत्ता आणि नागरिकत्व शाबूत राहिले, पण रोम गेले. पत्नी मागे राहिली, रदबदलीसाठी.

पुढची वर्षे त्याने पत्रांत काढली. सारी पद्यात. मद्य गोठवणारी थंडी, बाणांची भीती, आणि शेवटी विनंती: परत नको तर निदान जवळ तरी आणा. बँकेतल्या नोकरीत एकाच मागणीचे पुन्हा पुन्हा आलेले अर्ज मी पुष्कळ वाचले. इतक्या सुरेख भाषेतला एकही आठवत नाही. तिथल्या लोकांची भाषा शिकून त्याने तीतही कविता केली. इ. स. १४ मध्ये ऑगस्टस वारला. त्याच्यामागून आलेला टायबेरियसही द्रवला नाही.

‘फास्ती’ त्याने पुन्हा हाती घेतले, राजघराण्यातल्या जर्मॅनिकसला उद्देशून. तरी हाती येतात ते सहाच सर्ग, जानेवारी ते जून. इ. स. १७ च्या सुमारास तो टॉमिसलाच वारला.

रोमच्या नगरपरिषदेने ती हद्दपारी रद्द केल्याचा ठराव संमत केला, तो डिसेंबर २०१७ मध्ये.