दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके (३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर – १६ फेब्रुवारी १९४४, नाशिक) हे भारतीय चित्रपटाचे आद्य निर्माते, दिग्दर्शक, छायाचित्रकार व युक्तिपटकार होते. त्यांनी निर्मिलेला राजा हरिश्चंद्र (१९१३) हा भारतीय बनावटीचा पहिला पूर्ण लांबीचा कथापट मानला जातो. सुमारे दोन दशकांच्या कारकिर्दीत त्यांनी ९५ कथापट व पंचवीसहून अधिक लघुपट तयार केले. त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग नाशिक येथे गेला. मूकपटाचे तंत्र त्यांच्या हयातीतच कालबाह्य ठरले आणि त्याबरोबर त्यांचे नावही मागे पडले. जुन्या पडद्याविषयीची ओढ समाजात निर्माण झाली, तेव्हा त्यांच्या बहुतेक चित्रपटांच्या प्रती नष्ट झालेल्या होत्या.

बालपण व शिक्षण

फाळके यांचा जन्म नाशिकपासून जवळच असलेल्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते. आईचे नाव द्वारकाबाई. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात दाजीशास्त्रींची अध्यापक म्हणून नेमणूक झाल्यावर कुटुंब मुंबईस आले. १८८५ मध्ये धुंडिराज यांनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट या संस्थेत प्रवेश घेतला. त्यानंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण व वास्तुरेखन या विषयांचा अभ्यास केला. निरनिराळ्या कलांचे व यंत्रांचे हे ज्ञान त्यांना पुढे चित्रपटनिर्मितीत उपयोगी पडले.

गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला. कॅमेऱ्यामुळे माणसाची प्राणशक्ती ओढली जाते, अशी समजूत त्या काळी प्रचलित असल्याने तो फारसा चालला नाही. तेथेच प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी व मूल यांचा मृत्यू झाला. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. द्वितीय पत्नी सरस्वतीबाई या पुढे त्यांच्या सर्व उद्योगांतील प्रमुख सहकारी ठरल्या.

१९०३ मध्ये फाळके पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून रुजू झाले. स्वदेशीच्या चळवळीच्या काळात त्यांनी ही नोकरी सोडली. पुढे लोणावळा येथे व नंतर मुंबईत त्यांनी छापखाना चालविला. रंगीत छपाईचे तंत्र व यंत्रे पाहण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीस जाऊन आले. भागीदारांशी मतभेद झाल्यामुळे चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांना हा व्यवसायही सोडावा लागला.

जादूचे प्रयोग

फाळके हे हौशी जादूगार होते. आपल्या आडनावातील अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने ते जादूचे प्रयोग करीत. डोळ्यांदेखत वस्तू नाहीशी करणे, एका वस्तूच्या जागी दुसरी आणणे, प्रेक्षकाचे लक्ष नेमक्या क्षणी अन्यत्र वळविणे या कौशल्यांचा उपयोग त्यांनी नंतर कॅमेऱ्याच्या साहाय्याने केला. स्वतःच्या जादूच्या प्रयोगांवर त्यांनी एक लघुपटही काढला होता.

चित्रपटाकडे ओढा

१९११ च्या सुमारास मुंबईत गिरगावातील एका तंबूवजा चित्रपटगृहात फाळके यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावरील त्या दृश्यांच्या जागी राम-कृष्णांच्या कथा दिसल्या पाहिजेत, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. पुढील काही महिने ते रोज चित्रपट पाहू लागले. खेळण्यातील प्रक्षेपक व पट्ट्या मिळवून त्यांनी रात्ररात्र जागून अभ्यास केला. या अतिश्रमाने त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली होती. उपचारानंतर ती सुधारली.

विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून उभारलेल्या रकमेवर ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तेथे बायोस्कोप या साप्ताहिकाच्या संपादकाशी त्यांचा परिचय झाला. त्याच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील चित्रपटनिर्मितीगृहात त्यांना प्रत्यक्ष काम पाहावयास मिळाले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, कच्ची फिल्म व छिद्रण यंत्र यांची मागणी नोंदवून ते एप्रिलमध्ये मुंबईस परतले.

भांडवल मिळविण्यापूर्वी आपले कौशल्य दाखविणे आवश्यक होते. त्यासाठी त्यांनी अंकुराची वाढ हा लघुपट तयार केला. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या दाण्याची छायाचित्रे ठरावीक अंतराने घेऊन त्यांनी ती सलग जोडली. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत घडताना दिसली आणि भांडवलदारांचा विश्वास बसला.

राजा हरिश्चंद्र

राजा हरिश्चंद्र या चित्रपटाचे चित्रीकरण दादर येथे झाले. दत्तात्रय दामोदर दाबके यांनी हरिश्चंद्राची भूमिका केली. स्त्री कलाकार न मिळाल्याने तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या तरुणाकडे आली, तर रोहिदास म्हणून फाळके यांचा मुलगा भालचंद्र उभा राहिला. सरस्वतीबाई कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे, फिल्म धुणे, चित्रीकरणाच्या वेळी प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढरी चादर धरून उभे राहणे ही कामे करीत. शिवाय सर्व मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. सहा महिने सत्तावीस दिवसांच्या परिश्रमानंतर सुमारे ३,७०० फूट लांबीचा हा चित्रपट पूर्ण झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया चित्रपटगृहात निमंत्रितांसाठी व ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात सर्वसामान्यांसाठी तो दाखविण्यात आला.

नाशिक येथील कार्य

राजा हरिश्चंद्रच्या यशानंतर ऑक्टोबर १९१३ मध्ये फाळके यांनी आपले बिऱ्हाड व चित्रपटाचा कारखाना नाशिकला हलविला. गोदावरीचे घाट, मंदिरे, वाडे, डोंगर व स्वच्छ सूर्यप्रकाश ही पौराणिक चित्रपटांना लागणारी सामग्री तेथे सहज उपलब्ध होती. कृत्रिम प्रकाशाच्या सोयी नसलेल्या त्या काळात सूर्यप्रकाशाचे महत्त्व मोठे होते.

मोहिनी भस्मासुर (१९१४) या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) यांनी भूमिका केल्या. भारतीय कथापटात स्त्रियांनी काम करण्याचा हा पहिला प्रसंग होता. त्याच वर्षी फाळके यांनी आपले चित्रपट लंडन येथे दाखविले. तेथे राहून काम करण्याचे प्रस्ताव नाकारून ते स्वदेशी परतले. पहिल्या महायुद्धामुळे कच्च्या मालाची व भांडवलाची टंचाई निर्माण झाली, तरी त्यांनी काम सोडले नाही. लंका दहन (१९१७) या चित्रपटात साळुंके यांनी राम व सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. आकाशात उडत जाणारा हनुमान पाहण्यासाठी प्रेक्षकांनी मोठी गर्दी केली.

१९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्तान सिनेमा फिल्म कंपनीची स्थापना झाली. श्रीकृष्ण जन्म (१९१८) व कालिया मर्दन (१९१९) या चित्रपटांत बाळकृष्णाची भूमिका फाळके यांची लहान मुलगी मंदाकिनी हिने केली. भागीदारांशी न पटल्याने फाळके कंपनीतून बाहेर पडले व काशीस जाऊन राहिले. तेथे त्यांनी रंगभूमी हे नाटक लिहिले. १९२० च्या दशकाच्या आरंभी ते पुन्हा कंपनीत परतले.

युक्तिपट व चलच्चित्रे

कथापटांच्या तुलनेत फाळके यांच्या लहान गमतीदार चित्रपटांकडे कमी लक्ष दिले गेले आहे. आगकाड्यांची मौज (१९१५) या लघुपटात काड्या आपोआप हलून निरनिराळ्या आकृती तयार करताना दिसत. काड्या मांडून एक चित्र घ्यायचे, त्या किंचित सरकवून दुसरे घ्यायचे, अशी ही रीत होती. मूकपटाचा वेग सामान्यतः सेकंदाला सुमारे १६ चित्रे असे. म्हणजे एका मिनिटाच्या खेळासाठी जवळजवळ ९६० चित्रे लागत. या लघुपटामुळे फाळके यांना भारतातील चलच्चित्रकलेचेही आद्य प्रवर्तक मानतात. लक्ष्मीचा गालिचा हा त्यांचा याच प्रकारचा आणखी एक लघुपट होय.

थोड्याथोड्या फरकाची स्थिर चित्रे एकामागून एक दाखवून हालचालीचा आभास निर्माण करण्याचे हेच तत्त्व पुढे व्यंगचित्रपटांत वापरले गेले. १९७० व १९८० च्या दशकांतील व्हिडिओ गेममधील धावणाऱ्या व उड्या मारणाऱ्या आकृतीही त्याच तत्त्वावर हलत. साधने मोजकी असताना कल्पकतेने प्रेक्षकाला गुंतवून ठेवणे हे या सर्व जुन्या करमणुकींचे समान वैशिष्ट्य आहे.

बोलपटाचा काळ व अखेरची वर्षे

१४ मार्च १९३१ रोजी आलम आरा हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला आणि अल्पावधीत मूकपटांची मागणी संपली. फाळके यांचा सेतुबंधन (१९३२) हा चित्रपट मूक स्वरूपात तयार झाला होता. त्याला नंतर ध्वनी जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी दिग्दर्शित केलेला गंगावतरण (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट व अखेरचा चित्रपट ठरला. प्रेक्षकांची अभिरुची, ध्वनिमुद्रणाची यंत्रे व धंद्याची पद्धत हे सर्वच बदलले होते. ज्या कारागिरीत फाळके अद्वितीय होते, तिची कोणाला गरज उरली नव्हती.

१९३९ मध्ये मुंबईत भारतीय चित्रपटव्यवसायाचा रौप्यमहोत्सव साजरा झाला. ज्यांच्यामुळे हा व्यवसाय उभा राहिला, ते फाळके त्या वेळी आर्थिक विवंचनेत होते. व्ही. शांताराम यांच्या पुढाकाराने निधी जमवून त्यांना थैली अर्पण करण्यात आली. उर्वरित आयुष्य त्यांनी नाशिक येथेच काढले व १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

चित्रपटांचे जतन

मूकपटांच्या काळातील फिल्म नायट्रेटची असे. ती ज्वालाग्राही असून दमट हवेत हळूहळू विरघळते. बोलपट आल्यावर जुन्या प्रतींना व्यापारी मूल्य उरले नाही. फिल्मवरील चांदी काढून घेण्यासाठीही कित्येक रिळे नष्ट करण्यात आली. भारतात निर्माण झालेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी जेमतेम तीसच्या आसपास चित्रपट पूर्ण वा अंशतः उपलब्ध आहेत.

१९६४ मध्ये पुणे येथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली, तेव्हा फाळके यांच्या मृत्यूला वीस वर्षे होऊन गेली होती. संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांशी संपर्क साधून त्यांच्याकडे उरलेली रिळे मिळविली. आज राजा हरिश्चंद्र, लंका दहन व श्रीकृष्ण जन्म यांचे काही भाग आणि कालिया मर्दनचा बराचसा भाग पाहावयास मिळतो, तो या प्रयत्नांमुळे. उपलब्ध राजा हरिश्चंद्र हा १९१३ चा मूळ चित्रपट की फाळके यांनीच १९१७ मध्ये केलेली नवी आवृत्ती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आगकाड्यांची मौज मात्र आज उपलब्ध नाही.

यंत्रावर अवलंबून असलेल्या करमणुकीचे जतन पुस्तकाच्या जतनाहून कठीण असते. पुस्तक कपाटात राहिले तरी वाचता येते; रीळ राहिले तरी ते चालविणारा प्रक्षेपक व तो हाताळणारा जाणकार हवा. जुन्या व्हिडिओ गेमची कॅसेट व ती चालविणारे यंत्र जपणाऱ्या हौशी संग्राहकांपुढेही आज हाच प्रश्न आहे. कोणतीही करमणूक जुनाट वाटू लागल्यापासून ती दुर्मीळ म्हणून मौल्यवान ठरेपर्यंतच्या काळातच तिची सर्वाधिक हानी होते. फाळके यांच्या चित्रपटांची कथा हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

सन्मान व स्मारके

भारत सरकारने १९६९ पासून चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च सन्मान म्हणून दादासाहेब फाळके पुरस्कार सुरू केला. त्याच्या पहिल्या मानकरी देविकाराणी होत्या. १९७१ मध्ये फाळके यांचे टपाल तिकीट काढण्यात आले. मुंबईत गोरेगाव येथील चित्रनगरीला त्यांचे नाव देण्यात आले आहे. नाशिक येथे पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक उभारण्यात आले आहे. राजा हरिश्चंद्रच्या निर्मितीची हकिकत सांगणारा परेश मोकाशी दिग्दर्शित हरिश्चंद्राची फॅक्टरी (२००९) हा मराठी चित्रपट ऑस्कर पुरस्कारासाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून पाठविण्यात आला होता. या चित्रपटामुळे फाळके दांपत्याच्या परिश्रमांची ओळख नव्या पिढीला झाली.