टॉल्किन यांचा नाताळबाबा

जे. आर. आर. टॉल्किन आपल्याला ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मुळे माहीत. मला मात्र ते चार मुलांचे वडील म्हणून जास्त आवडतात. जन्म १८९२चा. चार वर्षांचे असताना वडील गेले, बाराव्या वर्षी आई. पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले, तरी पैशांची ओढाताण होतीच. उन्हाळ्यात शाळांचे पेपर तपासायचे. १९२०पासून दर नाताळला नाताळबाबा होऊन थरथरत्या अक्षरात मुलांना पत्र लिहायचे, सोबत स्वतः काढलेली चित्रं. १९३१ साली, ऐन मंदीत, नाताळबाबाने कळवलं की यंदा जगात गरीब, उपाशी माणसं फार. त्यांच्यासाठी अन्न-कपडे जमवतोय, तेव्हा भेटी नेहमीपेक्षा कमी वाटतील. नुसतं परवडत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं की! शेवटचं पत्र १९४३चं, धाकट्या प्रिसिलाला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती.