संत मोनिका : अश्रूंकडून समर्पणाकडे

दरवर्षी २७ ऑगस्ट रोजी ख्रिस्तसभा संत मोनिका हिचा सण साजरा करते आणि लगेच दुसऱ्या दिवशी तिचा पुत्र संत ऑगस्टीन याचा. मुलासाठी अश्रू ढाळणारी माता म्हणून आपण सर्वजण तिला ओळखतो. मात्र तिचे चरित्र बारकाईने पाहिले तर ध्यानात येते की, ज्या वर्षांत ती मुलाच्या परिवर्तनासाठी प्रार्थना करीत होती, त्याच वर्षांत परमेश्वर तिलाही घडवीत होता.

मोनिकेचा जन्म सुमारे ३३१ साली उत्तर आफ्रिकेतील थागास्ते या गावी ख्रिस्ती कुटुंबात झाला. हे गाव आजच्या अल्जीरिया देशात आहे. घरातील एका वृद्ध दासीने तिला शिस्तीचे वळण लावले. तरीही कोठारातून द्राक्षारस आणताना हळूच एक घोट घेण्याची सवय तिला जडली. एके दिवशी भांडणाच्या भरात दुसऱ्या एका दासीने तिला मद्यपी म्हणून हिणवले. तो शब्द जिव्हारी लागला आणि त्या दिवसापासून तिने ती सवय सोडली. आपली चूक दाखविणारे माणूस लहान असो वा रागावलेले असो, त्याच्या शब्दातील सत्य स्वीकारणे तिला बालपणीच साधले.

तिचा विवाह पॅट्रिशियस नावाच्या अख्रिस्ती पुरुषाशी झाला. तो मनाने उदार, पण कमालीचा तापट होता आणि पत्नीशी एकनिष्ठही नव्हता. त्याचा राग शांत झाल्यावरच मोनिका त्याच्याशी बोलत असे. दासींच्या चहाड्यांमुळे दुरावलेली सासूही तिच्या सौम्य वागण्याने तिच्या बाजूची झाली. अखेरीस पॅट्रिशियसने प्रभू येशूवर श्रद्धा ठेवली आणि सुमारे ३७१ साली तो ख्रिस्तवासी झाला. येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. मोनिकेच्या सहनशीलतेचा दाखला देऊन घरात मार खाणाऱ्या भगिनीला गप्प बसविणे हा या संतचरित्राचा दुरुपयोग आहे. मारहाण हे पाप आहे. ते निमूटपणे सोसणे म्हणजे भक्ती नव्हे.

ऑगस्टीनचा जन्म ३५४ साली झाला. तो बुद्धीने असामान्य होता. उच्च शिक्षणासाठी कार्थेज शहरी गेल्यावर तो एका स्त्रीसोबत विवाहाविना राहू लागला आणि त्यांना अदेओदातुस हा मुलगा झाला. त्याच सुमारास तो मनिकीय पंथात शिरला. मोनिका इतकी व्यथित झाली की काही काळ तिने त्याला आपल्या घरात राहू दिले नाही. पुढे एका स्वप्नाने तिला धीर दिला आणि घराचे दार पुन्हा उघडले. त्याच्याशी वाद घालून त्याची समजूत काढावी, अशी विनंती तिने एका बिशपांना केली. ते स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढले होते. वादाने काही साधणार नाही, त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या आणि प्रार्थना करीत राहा, असा सल्ला त्यांनी दिला. तिचा आग्रह थांबेना, तेव्हा इतक्या अश्रूंचा पुत्र नाश पावणे शक्य नाही, असे सांगून त्यांनी तिला निरोप दिला.

३८३ साली ऑगस्टीनने रोमला जाण्याचे ठरविले. आईने त्याला सोडले नाही. ती बंदरापर्यंत आली. तेव्हा त्याने तिला खोटेच सांगितले की, तो केवळ एका मित्राला निरोप देणार आहे. मोनिकेने ती रात्र जवळच्या संत सिप्रियन यांच्या प्रार्थनामंदिरात घालविली. मुलगा जाऊ नये हीच तिची याचना होती. सकाळ झाली तेव्हा गलबत निघून गेले होते. त्या रात्रीची तिची मागणी देवाने मान्य केली नाही. परंतु त्याच प्रवासाने ऑगस्टीन पुढे मिलान शहरात बिशप संत अँब्रोज यांच्यापर्यंत पोहोचला. जे तिला संकट वाटले, तीच तिच्या प्रार्थनेच्या उत्तराची वाट होती.

३८५ च्या सुमारास ती समुद्र ओलांडून मिलानला पोहोचली. आफ्रिकेतील प्रथेप्रमाणे ती रक्तसाक्ष्यांच्या स्मृतिस्थानी भाकरी आणि द्राक्षारस घेऊन गेली. तेथील द्वारपालाने तिला अडविले. बिशप अँब्रोज यांनीच ही प्रथा बंद केली आहे हे कळताच तिने कुरकुर न करता ती सोडून दिली. याच काळात तिने ऑगस्टीनसाठी एका कुलीन मुलीचे स्थळ पक्के केले आणि त्यामुळे अनेक वर्षे त्याच्यासोबत राहिलेल्या स्त्रीला आपला मुलगा मागे ठेवून आफ्रिकेला परतावे लागले. त्या स्त्रीचे नावही इतिहासाला ठाऊक नाही. तिचे दुःख आपण विसरू नये. मोनिकेची ही योजनाही देवाने स्वीकारली नाही. ३८६ साली ऑगस्टीनने विवाहाचा विचार सोडून संपूर्ण जीवन प्रभूला वाहिले. ३८७ च्या पास्काच्या जागरणविधीत संत अँब्रोज यांच्या हस्ते त्याचा आणि अदेओदातुसचा बाप्तिस्मा झाला.

मायदेशी परतताना रोमजवळच्या ओस्तिया बंदरात त्यांचा मुक्काम पडला. एका खिडकीपाशी उभे राहून माय-लेक सार्वकालिक जीवनाविषयी बोलत राहिले. काही दिवसांतच मोनिकेला ताप आला आणि वयाच्या ५६ व्या वर्षी तिने देह ठेवला. पतीशेजारी आपले दफन व्हावे म्हणून तिने गावी कबरीची जागा आधीच तयार ठेवली होती. आता मात्र तिने मुलांना सांगितले की, देह कोठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझे स्मरण ठेवा. आयुष्यभर जपलेली ही शेवटची इच्छाही तिने देवाच्या हाती सोपविली. तिचे अवशेष १४३० साली रोमला नेण्यात आले आणि ते आज तेथील संत ऑगस्टीन यांच्या मंदिरात आहेत.

आपल्या धर्मग्रामांतही अशा कितीतरी माता आहेत, ज्यांची मुले नोकरी-शिक्षणासाठी दूर गेली आणि हळूहळू ख्रिस्तयागापासूनही दुरावली. त्या स्वतःला दोष देतात, मुलांशी भांडतात, कधी अबोला धरतात. त्यांना मोनिकेचा सांगावा असा की, दार उघडे ठेवा, वाद कमी करा, प्रार्थना सोडू नका. आणि उत्तर कोणत्या मार्गाने यावे हे देवावर सोपवा. वडिलांनीही हे ओझे आईवर टाकून मोकळे होऊ नये. तिच्या सणाच्या दिवशी आपण सारे कुटुंब एकत्र येऊन, घरापासून आणि वेदीपासून दूर असलेल्या आपल्या प्रत्येक मुलाचे नाव प्रभूपुढे घेऊ या.