कुळागरांचा परदेशी मित्र : मिलार्दे

मृगाची चाहूल लागली की डिचोली-पेडण्याकडील कुळागरांत मोरचूद व चुना यांचे निळे पाणी पोफळींवर फवारतात. त्यामुळे कोवळी सुपारी कोळेरोगापासून वाचते. हे बोर्डो मिश्रण सिद्ध करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणजे प्येर मिलार्दे.

त्यांचा जन्म १८३८ मध्ये फ्रान्समध्ये झाला. १८७६ पासून ते बोर्डो येथे प्राध्यापक होते. अमेरिकेहून आलेल्या फिलॉक्सेरा किडीने तेव्हा फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले होते. ती कीड सोसणाऱ्या अमेरिकन वेलींवर देशी द्राक्षाचे कलम बांधावे, या मताचा त्यांनी पुरस्कार केला. परंतु तिकडच्याच वेलींबरोबर केवडा रोगही आला. १८७८ मध्ये तो फ्रान्समध्ये आढळला.

१८८२ मध्ये मेदोक भागात वाटेकाठच्या वेली तेवढ्या हिरव्या राहिलेल्या मिलार्दे यांना दिसल्या. चोरट्यांनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून मालकाने त्यांवर मोरचूद व चुना शिंपडला होता. त्यातील मर्म ओळखून त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ मध्ये उपाय प्रसिद्ध केला. केवडा व कोळेरोग यांचे जंतू जवळच्या नात्याचे. म्हणून वेलीचे औषध पोफळीलाही लागू पडले. १९०२ मध्ये मिलार्दे यांचे देहावसान झाले.

विद्यार्थिमित्रहो, दूरदेशीचे रोप आणताना त्याच्या मुळा-मातीतून कोणता अनाहूत पाहुणा येत आहे, हे आधी पाहावे. उपाय सापडेपर्यंत मळा उरेलच असे नाही.